लहान यंत्र, मोठा हिशेब

विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून एक अरुंद लोहमार्ग अचलपूरकडे आणि दुसरा यवतमाळकडे गेला. पुढे ‘शकुंतला’ या नावाने ओळखली गेलेली ती गाडी मुख्यतः कापसासाठी होती. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढे, मुंबईला जाई आणि तेथून समुद्रापार. परत येई तो कापड होऊन, छापील होऊन आणि महाग होऊन. आजही चित्र फारसे पालटलेले नाही. अमरावतीच्या बिजीलँड व सिटीलँड या घाऊक पेठांत उघडणाऱ्या गाठींवर बहुधा सुरत, अहमदाबाद वा जेतपूरचा शिक्का असतो. कापूस आपला, रंग परक्याचा.

म्हणूनच अकोल्याच्या एका जुन्या पेढीवर मुलाने कापडावर छापणाऱ्या लहान इंकजेट यंत्राचे माहितीपत्रक गादीवर ठेवले, तेव्हा वडिलांनी ते बाजूला सारले नाही. मुलाचे म्हणणे साधे होते. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. वीस सदऱ्यांसाठी चौकटी कोण करील? संगणकावरून छापणाऱ्या यंत्राला एक नग आणि शंभर नग सारखेच. शाळा, मंडळे, क्रीडासंघ यांची किरकोळ कामे आपल्या दारावरून परत जातात, ती थांबतील. शिवाय नमुना विकला जाईल की नाही, या धास्तीने माल भरून ठेवणे नको.

वडिलांनी विचारले, “हे आतून चालते कसे, ते आधी सांगशील?”

मुलाने अभ्यास केला होता. इंकजेटच्या एका प्रकारात सूक्ष्म तापकाने शाईत वाफेचा बुडबुडा उठवून थेंब बाहेर ढकलतात. दुसऱ्यात विजेच्या दाबाने किंचित वाकणारा पिझो घटक थेंब ढकलतो. तेथे उष्णता लागत नाही. सुती कापडासाठीच्या शाईत रंगकण धरून ठेवणारा चिकट घटक असतो, तो तापला तर छिद्रातच बसेल. म्हणून कापडछपाईत बहुधा पिझोच. गडद कपड्यावर आधी एक द्रव फवारतात, म्हणजे शाई धाग्यात न झिरपता वर थिजते. मग पांढरा थर, त्यावर चित्र आणि शेवटी सुमारे १६० अंशांवर हीट प्रेस. सब्लिमेशनची स्वस्त छपाई मात्र पॉलिस्टरवरच टिकते. कापसाच्या मुलखात तिचा उपयोग मर्यादित. एप्सनने इटलीतील भागीदाराबरोबर मोना लिसा हे मोठे कापडयंत्र २००३ मध्ये आणले, तर तयार कपड्यांवर थेट छापणारे ब्रदरचे यंत्र २००५ चे.

“आणि बंद ठेवले तर?”

येथे मुलगा थबकला. पांढऱ्या शाईतील टायटॅनियम डायऑक्साइडचे कण जड. शाई स्थिर राहिली की ते तळाशी बसतात. छिद्रे केसाहून बारीक. त्यात वऱ्हाडचा मे महिना: पारा ४५ अंशांवर, हवा कोरडी ठणठणीत, कापसाचे तंतू उडणारे आणि वीज अधूनमधून जाणारी. यंत्र लहान करताना शाई फिरती ठेवणारा पंप, हेडवरचे ओलसर झाकण, कापडाच्या तंतूंपासून हेडचे अंतर यांतले काहीही रचनाकाराने गाळले, तर वाचलेली किंमत एका हेडच्या बदलीत निघून जाते.

वडिलांनी पेन्सिल टोकली. कापडाच्या गाठी पडून राहिल्या तर व्याज वाढते, गाठ मात्र गाठच राहते. येथे काम नसले तरी रोज शाई वापरून छिद्रे साफ करावी लागतात. काम थांबले की शाई वाळते. बँकेचा हप्ता मात्र वाळत नाही. तेव्हा तीन महिने कामे घ्यायची, बाहेरून छापून आणायची आणि रोजची नोंद वहीत करायची, असे ठरले.

वही भरली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक तिसरी ओळ कोरी होती. मुलाने ती लपवली नाही. त्याने शेजारी नवे रकाने आखले: कोऱ्या दिवसाची शाई, खोलीतील ओलावा राखण्याचा खर्च, विजेचा बॅकअप, घसारा. यंत्र विकणाऱ्याला विचारायचे प्रश्नही बदलले. वेग किती, हा प्रश्न खाली गेला. बंद असताना पांढरी शाई फिरते काय, हेड सुटे मिळते काय, दुरुस्तीला माणूस कोठून येईल, हे वर आले. अमरावतीच्या दोन कापडदुकानदारांशी बोलून त्यांची फुटकळ कामे अकोल्यास आणण्याचेही त्याने ठरवले, म्हणजे कोऱ्या ओळी भरतील.

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे १,००० एकरांवरील पीएम मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. मोठे कारखाने तेथे यथाकाल उभे राहतील. परंतु पेठेतील लहान पेढीला आपला रंग आपणच द्यायचा असेल, तर तिचा आरंभ अशा वहीतूनच व्हावा लागतो.

वडिलांनी शेवटच्या पानावर सही केली आणि म्हणाले, “आता कर्जाचा अर्ज भर. पण रोज सकाळी गल्ला उघडण्याआधी छिद्रे तू स्वतः तपासायचीस, नोकराने नव्हे.”

मुलाने तेवढीच एक ओळ वहीत सर्वांत वर लिहिली.