गिटारीचा गांधार

आमच्या भजनाच्या पेटीचा भाता फाटला, म्हणून गेल्या मार्गशीर्षांत नातवास घेऊन अकोल्यास जावें लागलें. सोनाळ्याहून शेगांवपर्यंत एस्. टी. आणि पुढें आगगाडी. वाद्यांच्या दुकानीं पोंचलों तों दुपार झाली होती. दुरुस्तीस तासभर लागणार होता. तेवढा वेळ जावा म्हणून दुकानदारांनीं भिंतीवरील विजेची गिटार काढली, आणि ती नातवाच्या नव्हे, माझ्या मांडीवर ठेविली!

या वाद्याशीं माझें जुनें वांकडें. वीस वर्षांपूर्वीं चिरंजीवानें गिटार मागितली, तेव्हां मीं त्यास शास्त्र ऐकविलें होतें. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले, रागाप्रमाणें सरकवितां येतात; गिटारीचे पडदे लांकडांत कायमचे बसविलेले. तिचें सप्तक बारा सारख्या भागांत वांटलेलें, म्हणून तिचा गांधार शुद्ध गांधाराहून किंचित् चढाच राहावयाचा. ज्या देवगिरीस तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ लिहून बावीस श्रुति विशद केल्या, त्या देवगिरीच्या महाराष्ट्रांत असलें वाद्य कशाला? पेटीचे स्वर तरी कोठें सरकतात, हें मला तेव्हां सुचलें नाहीं, आणि मुलानें मर्यादेनें विचारलें नाहीं. तो गप्प बसला. त्या विजयाचा मला पुष्कळ दिवस अभिमान वाटे.

आतां मांडीवर तीच होती. भोपळा नाहीं, तबली नाहीं, नुसती भरीव फळी. तार छेडली तर डांसाएवढा नाद. मग दुकानदारांनीं वायर जोडली आणि मी दचकलोंच! तारांखालीं लोहचुंबक व त्यांभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचे हजारों वेढे असतात. पोलादी तार थरथरली कीं वेढ्यांत प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेचा १८३१ सालचा हा शोध मीं कैक वर्षें फळ्यावर लिहिला, पण त्यास कंठ असतो हें येथें कळलें. अमेरिकेंत आरंभींच्या विजेच्या गिटारी हवाई पद्धतीनें मांडीवर आडव्या ठेवूनच वाजवीत; तेव्हां माझी बैठक अगदींच अशास्त्रीय नव्हती.

हात मात्र ऐकेनात. तरुणपणीं थोडी सतार वाजविली होती, त्यामुळें तर्जनी नखी शोधूं लागली. चिमटींत धरावयाची प्लॅस्टिकची चकती दोनदां खालीं पडली. नातू हळूच म्हणाला, “आजोबा, मनगट सैल सोडा ना.” कित्ता गिरविणाऱ्या मुलांस मीं हेंच वाक्य जन्मभर सांगितलें आहे, तें एवढें अवघड असेल असें वाटलें नव्हतें.

मग मोकळी तार षड्ज मानून गांधाराचा पडदा दाबला. चढाच होता. मनांत म्हटलें, पाहा! पण सतारीच्या संवयीनें बोट कोमल गांधारावर गेलें, आणि तार आडवी ओढली. स्वर चढत गेला, आणि पुढील पडद्याच्या जरा अलीकडे असा कांहीं गोड गांधार लागला कीं मी तसाच थांबलों. दुकानदार म्हणाले, “ही ओढतातच, मास्तर.” माझें शास्त्र खोटें नव्हतें, तें पडद्यापुरतें होतें. बोटाचा विचार मीं केलाच नव्हता.

रात्रीं पुण्यास चिरंजीवास फोनवर सारें सांगितलें.

“बोटें दुखत असतील,” तो म्हणाला. “पहिला महिनाभर दुखतात. मग घट्टे पडतात. आणि बाबा, गांधार?”

“ओढला कीं लागतो.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला.