इंडिकेटर, मराठीत आणि उर्दूत

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांत आखातात कुणीच नाही असं घर शोधावं लागतं. पण तो माणूस तिथं नेमकं काय करतो, हे घरच्यांना विचारा. 'कंपनीत आहे' यापुढं उत्तर जात नाही. माझा भाचा सौदीतल्या एका केमिकल प्लांटमध्ये फिटर आहे. त्याचं काम मलाही नीट कळलं ते त्याने माझ्याकडे एक काम दिलं तेव्हाच. "मामू, व्हॉल्व्हच्या ॲक्च्युएटरवर इंडिकेटर कसा बसवायचा, याचा कागद लिहून द्या. आपली पोरं मराठी वाचतात, पाकिस्तानी फिटर उर्दू. इंग्रजी पत्रक सगळेच घडी घालून खिशात ठेवतात."

बॉल व्हॉल्व्हमध्ये भोक असलेला गोळा असतो. तो 90 अंशांत फिरला की वाट उघडते किंवा बंद होते. फिरवण्याचं काम वर बसवलेला ॲक्च्युएटर हवेच्या दाबाने करतो. गोळा बाहेरून दिसत नाही, म्हणून डोक्यावर प्लास्टिकची टोपी: त्यांच्याकडे पिवळं दिसलं तर उघडा, लाल दिसलं तर बंद. ही टोपी एका स्क्रूने बसते, आणि कुठल्याही बाजूने बसते. गोम तिथंच आहे. एरवी पाव फेऱ्याची चूक म्हणजे थोडी चूक. इथं ती पुरती उलट. उघड्या व्हॉल्व्हवर 'बंद' दिसतं.

भाच्याच्या डोळ्यांदेखत एका हेल्परने लाल रंग बघून फ्लॅन्जचे बोल्ट सैल केले. आत कॉस्टिक होतं. पोरगा वाचला, पण हात पहिल्यासारखा राहिला नाही. ॲक्च्युएटर पाइपाला आडवा बसवला होता आणि टोपी मात्र उभ्या ॲक्च्युएटरच्या सवयीने.

म्हणून कागदात पहिली गोष्ट ही: ॲक्च्युएटर चढवण्याआधी व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक बघा. तिथं बहुधा खाच किंवा रेघ असते. ती पाइपाच्या रेषेत असेल तर वाट उघडी. नंतर हे टोक झाकलं जातं. टोपी त्याप्रमाणे लावा, मग हवा देऊन दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. स्प्रिंगवाला असेल तर हवा गेल्यावर तो कुठं जाऊन थांबतो, तेही बघा.

'स्थितिदर्शक' हा शब्द मी लिहिला आणि खोडला. असं कुणी बोलत नाही, इंडिकेटरच म्हणतात. उर्दूची अडचण वेगळी होती. चित्रांची ओळ उर्दू वाचणारा उजवीकडून सुरू करणार, म्हणजे शेवटची पायरी आधी! क्रम उलटा मांडला. चित्रं मात्र आरशासारखी उलटवता येत नाहीत. घड्याळाचे काटे दोन्ही लिपींत एकाच दिशेने फिरतात.

अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात 28 मार्च 1979 ला एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. नियंत्रण कक्षातला दिवा विझला, म्हणून लोकांनी तो बंद मानला. दिवा सांगत होता फक्त वीज तोडल्याचं. दोन तासांहून जास्त वेळ पाणी जात राहिलं, गाभ्याचा मोठा भाग वितळला. आमची टोपीही ॲक्च्युएटरच्या शाफ्टला जोडलेली असते, गोळ्याला नाही. मधलं कपलिंग तुटलं तर टोपी फिरते, गोळा जागेवरच.

हे भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने तळाची ओळ मोठ्या अक्षरांत मागितली: इंडिकेटर काहीही दाखवो, लाइन रिकामी करून, दाब शून्य बघून, कुलूप लावल्याशिवाय फ्लॅन्जला पाना लावू नये.