बंबावरचा मुलगा

मराठीत ‘बंब’ या एकाच शब्दाने दोन वस्तू ओळखल्या जात आल्या. एक जुन्या न्हाणीघरातला, पोटात निखारे बाळगून पाणी तापविणारा. दुसरा पोटात पाणी बाळगून आगीकडे धावणारा. पोर्तुगीजांकडून आलेल्या या शब्दाची गंमत मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. परंतु त्या दुसऱ्या बंबावर आपल्याच घरचा मुलगा उभा राहील, हा विचार आमच्या इंदूरच्या मराठी वस्तीत कोणाला शिवला नव्हता. बँक, रेल्वे, कचेरी, फार तर इंजिनिअरिंग. त्यापलीकडे आमची उडी जात नाही.

यंदा माझ्या एका माजी विद्यार्थ्याने नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा ध्यास घेतला, आणि त्याचे वडील माझ्याकडे आले. “सर, तुमचा शब्द तो मोडणार नाही. त्याला समजवा. एकुलता एक आहे हो!”

मी मुलाला बोलावले. शौर्याच्या गोष्टी ऐकाव्या लागतील अशी माझी अपेक्षा होती. तो बोलला धुराविषयी. आगीत ज्वाळेपेक्षा धूरच अधिक बळी घेतो. तापलेला धूर छताशी साचतो, म्हणून जमिनीलगत सरकायचे. जळत्या तेलावर पाणी ओतले तर आग भडकते. शाळेत पदार्थविज्ञानाला सदैव कंटाळलेला हाच का तो मुलगा, असे मला वाटले.

“आणि १४ एप्रिल १९४४?” मी विचारले. त्याला ठाऊक होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज पेटले. आत कापसाच्या गासड्या आणि सुमारे १४०० टन स्फोटके. आग विझविताना अग्निशामक दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. “म्हणूनच शिकून जायचे आहे, सर,” एवढेच तो म्हणाला.

वडिलांना मी धोका नाही असे सांगितले नाही. तसे सांगणे खोटे ठरले असते. हर्षिनी कान्हेकर या नागपूरच्या मुलीने २००२ साली त्या महाविद्यालयात पहिली विद्यार्थिनी म्हणून प्रवेश घेतला, हे मात्र आवर्जून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. चहा निवून गेला.

उठताना दारापाशी थांबून म्हणाले, “नागपूरला महालात माझी मावसबहीण असते. तिथून कॉलेज किती लांब पडेल, सर?”