ओक्लाहोमाचा रेडिओ, चांदोरीचा पाऊस

चि. बाळास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

दाजींसाठी तू घरगुती हवामान केंद्र आणि धोक्याची सूचना देणारा रेडिओ पाठवणार आहेस, असं ताईकडून कळलं. खोकं अजून बांधलं नसशील तर आधी हे वाच.

रेडिओ पाठवू नकोस. तुमच्या ओक्लाहोमात तो खरोखर जीव वाचवतो. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात वारंवारितांवर तिथलं सरकारी हवामान खातं रात्रंदिवस बोलत असतं, आणि टोर्नेडो तुमच्या कौंटीकडे वळला की झोपलेला रेडिओ आपणहून ओरडायला लागतो. पण ओरडणारं खातं तिकडे आहे. आपल्याकडे त्या पट्ट्यात अशी सेवाच नाही. चांदोरीत दाजी तो कौतुकाने देवघराशेजारी मांडतील, आलेल्या-गेलेल्याला दाखवतील, आणि पूर आला तरी तो गप्प बसेल.

आपल्याकडे हे काम मोबाइलवर आलंय. २०२३ साली देशभर चाचणीचे संदेश आले तेव्हा आमच्या गल्लीत एकदम सगळे फोन किंचाळले होते आणि म्हातारी माणसं घाबरली होती. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. टॉवरच्या टापूतल्या प्रत्येक फोनला एकदमच सांगायचं, नंबर माहीत असण्याची गरज नाही. सोय चांगली, पण फोन तसा हवा आणि त्यातली आपत्कालीन सूचनांची खूण चालू हवी. दाजींचा बटणांचा जुना फोन त्यात कितपत बसतो याची मला शंका आहे. तेव्हा रेडिओचे पैसे त्यांच्या नव्या फोनला घाल. त्यात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अशी दोन ॲप मी टाकून देईन. दाजींच्या द्राक्षबागेच्या मांडवाला लोखंडी तारा असतात, त्यामुळे वीज कडाडायला लागल्यावर बागेत थांबायचं नाही, हे त्यांना फोनने सांगितलेलं जास्त पटेल. माझं ते ऐकत नाहीत. जोडीला सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर असू दे. वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली, तरी आकाशवाणी लागते. तो इथे नाशिकच्या मेनरोडला मिळतो, त्यासाठी अमेरिका नको.

आता पुराचं. तुझ्या डोक्यात २०१९ चा ऑगस्ट असणार, चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरलं होतं तो. म्हणून अंगणात पर्जन्यमापक बसवला की पूर आधी कळेल असं तुला वाटतं. तसं होत नाही. चांदोरीचा पूर चांदोरीच्या पावसाचा नसतोच. इगतपुरीला वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपल्या निफाड तालुक्यात जेमतेम त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. तुमच्या अंगणात भुरभुर चालू असताना त्र्यंबकच्या डोंगरात कोसळतो, गंगापूर धरण भरतं, दरवाजे उघडतात, आणि पाणी नाशिक ओलांडून तुमच्याकडे निघतं. नाशिककर त्यासाठी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, एवढ्यावर भांडी बाजार आणि सराफ बाजारातला माल वरच्या मजल्यावर जातो. १९६९ आणि २००८ चे सप्टेंबर सांगणारी माणसं अजून त्याच मापात बोलतात. मी पंचवटीत राहतो. मारुतीच्या छातीला पाणी लागलं की मी दाजींना फोन करीन, आणि गंगापूरमधून किती क्युसेक सोडले तेही सांगीन. तुमच्या पुराचं यंत्र घराच्या वरच्या अंगाला असायला हवं, आणि ते मामाच्या रूपाने आहे.

मग हवामान केंद्र कशाला? तर बागेसाठी. तिथे मात्र तुझी कल्पना मला फार आवडली.

ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंत दाजींचा जीव डाऊनी या बुरशीच्या रोगात अडकलेला असतो. पाऊस किती पडला यापेक्षा पान किती तास ओलं राहिलं, हा तिथे खरा प्रश्न. धुकं पडलं, दव पडलं, पान सुकलंच नाही आणि हवा फार गार नसली, की बुरशी आत शिरते. आज दाजी आभाळ बघून आणि शेजाऱ्याचा ब्लोअर ऐकून फवारणी ठरवतात. शेजारी बहुधा त्यांचा ब्लोअर ऐकून ठरवत असेल. म्हणून संचात लीफ वेटनेस सेन्सर आहे का, निदान पुढे जोडता येतो का, ते आधी बघ. वाऱ्याची दिशा दाखवणारा सुंदर रंगीत पडदा नसला तरी चालेल.

दुसरं, थंडी. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या तू तिथे वाचतोस. त्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नोंदी असतात. पण थंड हवा जड असते, उतरून सखल भागात साचते. तुमच्या बागेचा नाल्याकडचा कोपरा घराच्या ओट्यापेक्षा गार असणार. मणी तडकतात ते तिथे. सेन्सर त्याच कोपऱ्यात, पांढऱ्या थाळ्यांच्या कवचात, जमिनीपासून दीड मीटरवर हवा. पत्र्याच्या छपरावर लावलास तर दुपारी तो हवेचं नाही, पत्र्याचं तापमान सांगेल. पारा ६ अंशांवर आला की दाजींच्या उशाशी घंटा वाजावी, म्हणजे पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला आणि पाणी सोडायला वेळ मिळतो. हाच इथला खरा धोक्याचा भोंगा. असा गजर आपल्या मर्जीने लावता येत नसेल तर तो संच घेऊच नकोस.

पर्जन्यमापक आंब्यापासून लांब, झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. आतली छोटी पलटी बादली धूळ आणि मुंग्यांनी अडकते, आणि मुसळधार पावसात थोडं कमीच मोजते. म्हणून शेजारी साधा काचेचा मापक ठेवू. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, तेव्हा आपलीही नोंद साडेआठलाच. १ मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ४ हजार लिटर पाणी, हे दाजींना सांगितलं की ठिबक किती वेळ चालवायचं ते त्यांचं तेच ठरवतील.

आणि हा संच तिथून पाठवू नकोस. अमेरिकेतल्या बहुतेक संचांचे सेन्सर ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. आपल्याकडे विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ चा आहे, आणि ९१५ च्या अलीकडचा पट्टा मोबाइल कंपन्यांचा. कस्टमच्या कटकटी वेगळ्याच. इथे विकायची परवानगी असलेला संच इथेच घेऊ. बिघडला तर दुरुस्तीला माणूस तरी येईल.

एक गोष्ट दाजींना तूच समजाव, कारण ते माझ्याशी वाद घालतील. फळपीक विम्याला आपल्या केंद्राचे आकडे चालत नाहीत. पाऊस आणि तापमानासाठी विम्यात महसूल मंडळातलं नेमून दिलेलं केंद्रच धरतात. हवामान तर शिवारागणिक बदलतं; २०२३ च्या २६ नोव्हेंबरला गारपीट झाली तेव्हा एका शिवारात बाग झोपली आणि पलीकडच्या शिवारात पान हललं नाही. एक केंद्र सगळ्या मंडळाला न्याय देऊ शकत नाही, हे दाजींचं म्हणणं बरोबरच आहे. पण आपल्या अंगणातला आकडा घेऊन ते विमा कंपनीत गेले तर चहा मिळेल, पैसे नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर सगळा राग यंत्रावर निघायचा.

नोंदवही ताईकडे दे. दाजी चार दिवस लिहितील आणि पाचव्या दिवशी वही ट्रॅक्टरच्या सीटखाली जाईल. ताईने दुधाचा हिशेब कधी चुकवला नाही. तू दिवाळीला येशील तेव्हा नाल्याकडच्या कोपऱ्यात खांब रोवू. त्याआधी तिथल्या किमान तापमानाच्या नोंदी मी हातातल्या थर्मामीटरने सुरू करतो.

तुझा,
मामा