हातचा

दुसरीचा वर्ग फरशीवर बसलाय आणि मधोमध खराट्याच्या हिरांचा ढीग. हीर बोटभर लांबीचे मोडायचे. मोडताना टक् असा बारीक आवाज येतो आणि तीस मुलं एकदम मोडायला लागली की वळवाचे पहिले थेंब पत्र्यावर पडावेत तसं वाटतं. मग दहा मोजायचे, मुठीत उभे धरायचे, फरशीवर ठोकून सारखे करायचे आणि वरून रबर चढवायचं. रबर म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचे आडवे काप. एस. टी. स्टँडजवळचा पंक्चरवाला निकामी ट्यूबा आमच्यासाठी खिळ्याला अडकवून ठेवायचा. कापाला दोन पिळे द्यावे लागतात. लहान बोटांतून दुसरा पिळा निसटतो, हीर विस्कटतात, की पुन्हा एकपासून मोजणी. त्या पुन्हा मोजण्यात निम्मी दुसरी इयत्ता आहे, असं मला आजही वाटतं.

गठ्ठा सोडला की रबर हरवू नये म्हणून मुलं ते मनगटात घालत. दिवसभरात तिथं काळपट वळ उठायचा आणि हाताला रबराचा वास यायचा. त्या रबराला आम्ही काय म्हणू लागलो, ते पुढं येतंच.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वर्गात हीर नव्हते, रबर नव्हतं. फळा होता आणि माझा आवाज होता. ‘दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक हातचा घ्या, दोनाचे झाले बारा.’ हे मी इतक्या वेळा म्हटलंय की अजून झोपेतही म्हणेन. मुलं माझ्यामागून म्हणत आणि बेचाळीसमधल्या चारवर काट मारून बारीक तीन लिहीत. बऱ्याच जणांची उत्तरं बरोबर येत, म्हणून मला ते शिकवणं वाटे.

एका मुलाचं उत्तर मात्र बरोबर येत नव्हतं. बेचाळीसमधून सतरा गेले की त्याच्या पाटीवर पस्तीस. तीन दिवस मी त्याच्या पाटीवर फुली मारली. तिसऱ्या दिवशी त्याची पाटी हातात घेतानाच तो मान खाली घालायला लागला, तेव्हा कुठं मी त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं, “असं कसं केलंस रे?”

“बाई, दोनातनं सात जात न्हाईत. मग म्या सातातनं दोन काढलं.”

त्यात चूक होती, पण अडाणीपणा नव्हता. जे जात नाही ते त्यानं जाईल असं फिरवून घेतलं होतं. ‘शेजारून एक घे’ हे माझं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. शेजारी चार होता. त्या चारातला एक इकडं आल्यावर दहा कसा होतो, हे मी त्याला कधी दाखवलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरचा जुना खराटा सोडला.

दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं चार गठ्ठे आणि दोन सुटे हीर ठेवले. म्हटलं, “मला सतरा दे.” त्यानं एक गठ्ठा पुढं सरकवला. दहा झाले. आता सात. दोन सुट्यांकडं पाहिलं, गठ्ठ्यांकडं पाहिलं. मी वाट पाहत होते, की आता तो रबर काढेल, दहा सुटे करेल, दोनात मिसळेल आणि बारातून सात मोजेल. पुस्तकात दाखवलंय तसं. त्यानं तसं काही केलं नाही. आख्खा गठ्ठा उचलून माझ्या हातात दिला आणि तळवा पुढं केला.

“ह्यी जुडी घ्या आन् तीन परत द्या.”

त्याची आजी गुरुवारच्या बाजारात मेथी विकायला बसायची आणि तो तिच्या शेजारी पोत्यावर. सुट्टे नसले तर गिऱ्हाईक दहाची नोट देतं आणि उरलेले परत घेतं, हा त्याचा नेहमीच्या पाहण्यातला व्यवहार. मी त्याला तीन हीर परत दिले. त्याच्यासमोर दोन जुड्या आणि पाच सुटे राहिले. त्यानं ते मोजलेदेखील नाहीत, नुसते पाहिले. पंचवीस. हातचा न घेता हातच्याची वजाबाकी झाली होती आणि ती करण्याची ही रीत मला डी. एड. ला कुणी शिकवली नव्हती.

तेव्हापासून आमच्या वर्गात दशकाला जुडी म्हणतात आणि मनगटातल्या रबराला हातचा. जुडी सोडली की हातचा मनगटात, नवी जुडी बांधली की हातचा मनगटातून बाहेर. ‘हातचा’ हा शब्द भाषेनं किती आधी करून ठेवला होता! आम्ही तो अंकाच्या डोक्यावर बारीक एक करून टांगून ठेवला, एवढंच.

असं हाताळून शिकण्यासाठी साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळांचं पुढं नाव झालं, राज्यभरातून शिक्षक ते वर्ग पाहायला येऊ लागले. मूल आपलं ज्ञान स्वतःच रचतं असं सांगणारा ‘ज्ञानरचनावाद’ हा जड शब्द आमच्या केंद्राच्या बैठकांत रुळला आणि गावोगावच्या फरशा ऑइलपेंटनं रंगल्या. फरशी रंगली याचा मला आनंदच झाला, कारण मूल पुन्हा जमिनीवर उतरलं. पण काही ठिकाणी रंग खराब होईल म्हणून मुलांना त्यावर खडू चालवू देत नाहीत, हे पाहून जीव तुटायचा. साधन झिजलं पाहिजे. चिंचोका वापरून गुळगुळीत झाला पाहिजे.

साधनं हाताळत शिकण्याची ही वाट बालशिक्षणातल्या ताराबाई मोडकांनी फार आधी मळून ठेवलेली. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंना माँटेसोरीची साधनं चांगली ठाऊक होती आणि ती गरिबाच्या पोराला परवडणारी नाहीत हेही ठाऊक होतं. 1945 साली त्यांनी आणि अनुताई वाघांनी समुद्रकाठच्या बोर्डीत बालवाडी सुरू केली, ती शिंपले, खडे, पानं, बिया घेऊन. मुलं शाळेत येईनात, तर शाळा वस्तीतल्या अंगणात नेली. पुढं कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. शिंपल्यावर हात फिरवणारं बोर्डीतलं एखादं मूल मला अनेकदा डोळ्यांपुढं दिसतं. आत गुळगुळीत, बाहेर खरखरीत. एका वस्तूला दोन बाजू असतात, हे त्याच्या बोटाला कळतंय.

2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून मोठा गदारोळ झाला. बेचाळीसला ‘चाळीस दोन’ असंही म्हणायचं, असं त्यात आलं होतं. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी मुलं अडखळतात, असं गणितज्ञ मंगला नारळीकरांचं म्हणणं होतं आणि ते अगदी खरं आहे. बेचाळीस म्हणताना दोन आधी येतो आणि लिहिताना चार. म्हणून कितीतरी मुलं ऐकून चोवीस लिहितात. आमच्या वर्गात मात्र त्या वादाला जागा उरली नव्हती. चार जुड्या डाव्या हातात, दोन हीर उजव्या हातात. तोंडानं बेचाळीस म्हणा की चाळीस दोन, हात गोंधळत नव्हते. मला दोन्ही नावं हवीत. बेचाळीस आजीशी बोलायला लागतं.

पंक्चरवाल्याकडून आणखी एक गोष्ट मिळायची, व्हॉल्व्हट्यूबची बारीक नळी. काड्यापेटीच्या काड्यांचं गुल काढायचं आणि टोकं नळीच्या तुकड्यांत खोचायची, ही खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची रीत. चार काड्यांचा चौकोन केला की तो दाबल्यावर कलंडतो, तिरपा होतो, मिटतो. तीन काड्यांचा त्रिकोण काही केल्या हलत नाही. एका मुलीनं तो तिन्ही बाजूंनी दाबून पाहिला, दातांनी ओढून पाहिला आणि मग मान वर करून शाळेच्या छपराकडं पाहत राहिली. वर लोखंडी कैच्या होत्या. बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही.

त्याच मुलीची आणखी एक आठवण. एका दुपारी वर्गात जुड्या फार झाल्या, फरशीवर मावेनात. ती म्हणाली, “बाई, दहा जुड्यांची एक करू?” सगळे गोळा झाले. दहा जुड्या उभ्या केल्या, चौघांनी चहूकडून धरल्या. पण तेवढ्या घेराला पुरेल असा हातचा कुणाच्याच मनगटात नव्हता. दोन काप जोडून पाहिले, तुटले. दहा जुड्या पुन्हा पसरायला लागल्या. तेव्हा तिनं आपल्या एका वेणीची लाल रिबीन सोडली आणि दातांत धरून गाठ मारली.

ती मोठी जुडी तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरून पहिलीपासून चौथीपर्यंत सगळ्या वर्गांत फिरवली. तिच्यामागं वर्गातली सगळी पोरं. शाळा सुटली, दप्तरं भरली, जुडी कपाटात वरच्या फळीवर ठेवली. रिबीन सोडायला ती तयार नव्हती. एक वेणी घट्ट आणि एक सुटलेली, अशीच ती घरी गेली.