क्रॉस गेट्सची पस्तीस नावं

सासूबाई पुण्याहून लीड्सला आल्या की यॉर्क, हॅवर्थ ही ठिकाणं ठरलेली. या वेळी मात्र त्यांना घेऊन जवळच्याच क्रॉस गेट्सला, मॅन्स्टन पार्कमध्ये गेले. तिथल्या स्मारकावर 35 बायकांची नावं आहेत.

पहिल्या महायुद्धात इथून जवळच बार्नबोचा कारखाना होता. तोफगोळ्यांत दारू भरायचं काम. पुरुष आघाडीवर गेलेले, त्यामुळे दहांतल्या नऊ कामगार बायकाच. तीन पाळ्यांत चोवीस तास काम चाले. काडेपेटी, सिगारेट, इतकंच काय केसांतले आकडेसुद्धा आत न्यायला बंदी. एक ठिणगी पुरे होती. दारूने कातडी पिवळी पडे, म्हणून लोक त्यांना ‘कॅनरी’ म्हणत. त्यांना दूध मिळावं म्हणून कारखान्याने स्वतःच्या गाई पाळल्या होत्या.

5 डिसेंबर 1916. रात्रपाळी नुकतीच लागली होती. साडेदहाच्या सुमारास 42 नंबरच्या खोलीत स्फोट झाला आणि 35 जणी गेल्या. काहींची ओळख फक्त गळ्यातल्या बिल्ल्यावरून पटली. युद्धाची सेन्सॉरशिप असल्याने पेपरात बातमी आली नाही. निधनवार्तांत एवढंच, ‘अपघाती मृत्यू’. मृतदेह हलवल्यावर त्याच खोलीत काम करायला इतर बायका आपणहून पुढे आल्या.

मी हे सांगत होते. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हे खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते ना, कामाला निघताना काडेपेटी देव्हाऱ्याजवळ ठेवून जायचे. रात्रपाळी असली की सकाळी सायकलची घंटा ऐकू येईपर्यंत माझा डोळा लागत नसे. आत काय काम करता, मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.”

लग्नाला वीस वर्षं झाली, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“वाच गं ती नावं. सगळी वाच.”

मी एकेक नाव वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत हात जोडलेले होते.

परतताना मी म्हणाले, “आई, यॉर्क मिन्स्टरमधली ती ‘फाइव्ह सिस्टर्स’ खिडकी आठवते? महायुद्धात गेलेल्या बायकांचं स्मारक म्हणून 1925 साली ती अर्पण केली आहे.”

“अगं, मग मागच्या वेळी आपण नुसती काच बघून आलो की! रविवारी पुन्हा जाऊ.”