यंत्राची उरलेली मुदत

संगणकाचे वार्धक्य मोठे विलक्षण असते. पितळी तपेले झिजते, शिसवी पेटीला वाळवी लागते, आणि त्यांचा क्षय डोळ्यांनी पाहता येतो; परंतु २००९ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विकत घेतलेला आणि कोकण रेल्वेने कुडाळ स्थानकात उतरवून पिंगुळीच्या घरी आणलेला आमचा संगणक, त्या दिवशी एका क्षणात जेवढी आकडेमोड करी तेवढीच आजही इमानाने करीत असता, केवळ भोवतालच्या जगाच्या मागण्या वाढत गेल्यामुळे जुना, मंद आणि मोडीत काढण्याजोगा ठरला आहे. त्याचा प्रोसेसर तेवढा बदलून त्याला आणखी काही वर्षांची मुदत द्यावी, की सारे यंत्रच निकालात काढावे, याचा खल माझ्या मनात सबंध पावसाळाभर चालला. आणि ज्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल त्यांनी त्या यंत्राच्या पोटात काय साठले आहे ते आधी ऐकून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

तो घरी आला तेव्हा मी कचेरीतील नोकरीतून नुकताच मोकळा झालो होतो. रुमालांत बांधलेली दप्तरे सोडण्या-बांधण्यात ज्याची उमेद गेली, त्याला हे बिनधुळीचे दप्तर मोठे अपूर्वाईचे वाटले. नातवाचा दहावीचा निकाल त्यावर पाहिला, जमिनीचे उतारे त्यावर काढले, दूरच्या आप्तांशी पत्रव्यवहार त्यावर केला. पण ही सारी कामे आज खिशातला मोबाइल करतो, आणि त्यांच्यासाठी कोणी जुने यंत्र जतन करावे असे मी म्हणणार नाही.

माझे खरे काम निराळे होते. पिंगुळीचे गुढीपूर म्हणजे ठाकर समाजाच्या चित्रकथीचे आणि कळसूत्री बाहुल्यांचे माहेर. कागदावर रंगविलेली रामायण-महाभारतातील चित्रे एकामागून एक उभी धरावयाची आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने त्यांचे आख्यान लावावयाचे, ही तेथली परंपरा सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने वाढली. आणि पुढे तिच्यावर विस्मृतीचे सावट आले असता परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय करून ती लोकांपुढे आणली, ज्याबद्दल २०२१ साली त्यांचा पद्मश्रीने गौरव झाला. चित्रांना अशा रीतीने आश्रय मिळाला, त्यांची छायाचित्रे निघाली, ती दूरदूर गेली. परंतु चित्र हे कथेचे निम्मे अंग आहे. उरलेले निम्मे सांगणाऱ्याच्या कंठात असते, आणि कंठाला संग्रहालय नाही. म्हणून जमेल तेव्हा मी जाणत्या मंडळींपाशी जाऊन बसत असे. त्यांतले एक वृद्ध गृहस्थ चित्र गुडघ्यावर टेकवून धरीत, तर्जनी सीतेच्या पदराच्या काठावरून हळूहळू रावणाच्या हातापर्यंत नेत, आणि बोट तेथे पोहोचेपर्यंत पोथीची भाषा सोडून शुद्ध मालवणीत उतरत. जणू तो प्रसंग त्यांच्याच वाडीत घडला होता. ऐकलेले त्याच रात्री घरी येऊन टंकित करावयाचे, हा माझा नेम असे, कारण दुसऱ्या दिवशी शब्द उरत, पण त्यांचा क्रम उरत नसे.

हे लेखन मी ज्या मराठी टंकप्रणालीत केले ती युनिकोडपूर्व काळातली. तिच्यात ‘क’ हे अक्षर यंत्राच्या लेखी ‘क’ नसते. ते कोणत्या तरी रोमन चिन्हाच्या जागी बसविलेले देवनागरी रूप असते, आणि तो विशिष्ट टंक नसेल तेथे सारे आख्यान निरर्थक चिन्हांची रांग होऊन समोर येते. शिवाय त्या प्रणालीसोबत विक्रेत्याने एक लहानसे कुलूप दिले होते, जे संगणकाच्या मागच्या रुंद समांतर पोर्टमध्ये लावल्यावाचून ती उघडतच नाही. आजच्या मदरबोर्डांवर तसा पोर्ट सहसा आढळत नाही. कुडाळहून यंत्र पाहण्यास आलेल्या तरुण कारागिराने मागे वाकून ते कुलूप पाहिले आणि तत्काळ वर्मावर बोट ठेवले: “काका, बोर्ड बदललात तर ह्यां कुलूप खंय लावतलात?”

प्रश्नाचे स्वरूप येथे पालटते. नवा प्रोसेसर घ्यावा तर त्याची बैठक निराळी, म्हणून बोर्ड नवा. बोर्ड नवा म्हणून स्मृती नवी. आणि इतके बदलले की ८ एप्रिल २०१४ रोजी ज्याला कंपनीने अखेरचा निरोप दिला ते विंडोज एक्सपी त्या नव्या बिऱ्हाडात नांदावयाचे नाही. या शृंखलेतून सुटणारी वाट एकच: बोर्ड तोच ठेवून, त्याच ७७५ संपर्कबिंदूंच्या बैठकीत बसणारा, त्याच पिढीतला अधिक समर्थ प्रोसेसर शोधणे.

परंतु मंदत्वाचा दोष प्रोसेसरवर लादण्यापूर्वी त्याची कैफियत ऐकणे न्यायाचे होते. मी कार्यभाराचा आलेख पडद्यावर उघडून ठेवला. यंत्र सुरू होताना व धारिका उघडताना प्रोसेसरची रेषा तळाशी पडून असे आणि हार्ड डिस्कचा लाल दिवा मात्र अखंड तेवत राही. म्हणजे त्या वेळी प्रोसेसर निर्दोष होता, तो फिरत्या तबकडीची वाट पाहत होता. उलट चित्रांची मोठी छायाचित्रे ओळीने रूपांतरित करावयास लावली की त्याचे दोन्ही गाभे शंभर टक्क्यांवर जात आणि पंख्याचा आवाज पडवीपर्यंत ऐकू येई. दोन व्याधी, दोन औषधे: पहिलीला एसएसडी, दुसरीला अधिक गाभे.

अधिक गाभे म्हणजे नेहमीच अधिक वेग, असे मात्र नाही. माझ्याजवळचा कोअर टू ड्युओ ई७५०० हा २.९३ गिगाहर्ट्‌झचा, दोन गाभ्यांचा आणि ६५ वॅटचा आहे. जुन्या बाजारात सहज मिळणारा चार गाभ्यांचा क्यू६६०० हा २००७ सालचा, गती केवळ २.४ गिगाहर्ट्‌झ, छायाचित्रांना तो उपयोगी पडेल, पण एकाच गाभ्यावर चालणारी माझी टंकप्रणाली त्याच्यावर पूर्वीपेक्षा सावकाश चालेल. क्यू९५५० हा २.८३ गिगाहर्ट्‌झचा, १२ मेगाबाइट कॅशेचा. तो घेतल्यास टंकलेखनाचे नुकसान नाममात्र आणि रूपांतराचा लाभ जवळजवळ दुपटीचा. त्याला ९५ वॅट लागतात, आणि बोर्डाच्या निर्मात्याने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत त्याचे नाव आहे, हे मी दोनदा ताडून पाहिले. अशी यादी न पाहता जिन्नस खरेदी करू नये, हे प्रत्येक जुन्या यंत्राच्या मालकाला मी आग्रहाने सांगेन.

एक अडचण उरली. हा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून बोर्डाचे बायोस आधी अद्ययावत करावे लागते, आणि ते लिहिले जात असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. आषाढ-श्रावणात आमच्याकडे माडाची एक झावळ तारेवर पडली की सारी वाडी अंधारात जाते. तेव्हा हे कृत्य पावसाळ्यात करणे म्हणजे निष्कारण धाडस. खारट दमट हवेने ज्यांचे डोके गंजले आहे ते स्क्रूही त्याच वेळी बदलावे आणि वाळून खडखडीत झालेला उष्णतावाहक लेप खरवडून नवा लावावा, असे कारागिराशी ठरले.

मला या यंत्राचे चिरंजीवित्व नको आहे. जुनी अक्षरे युनिकोडमध्ये उतरविणारी साधने आहेत, पण ती जोडाक्षरांत चुकतात, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर नेऊन ठेवतात, आणि मालवणी शब्द कोणत्याच कोशाशी जुळत नसल्याने त्यांची चूक माणसानेच पकडावी लागते. प्रत्येक आख्यान मूळ रूपात पडद्यावर उघडून नव्या प्रतीशी ओळ न ओळ ताडून पाहावे लागणार, आणि ते काम संपेपर्यंत हे यंत्र जिवंत राहिले पाहिजे. इतक्यासाठीच हा खर्च. एरवी इंटरनेटची तार मी त्याला लावत नाही, कारण सुरक्षेची डागडुजी थांबलेल्या प्रणालीला जगाच्या चव्हाट्यावर बसविणे गैर आहे.

प्रोसेसर पुण्याहून मागविला आहे. जुन्या बाजारातला असल्याने तो काही शे रुपयांत पडला. सर्व धारिकांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती नातवाकडे ठेवावयास दिली, कुलूप काढून कपाटात ठेवले, आणि दसऱ्यानंतरचा सोमवार मुक्रर करून कारागिराला तसे कळविले. यूपीएसची बॅटरी तो आधी येऊन तपासून जाणार आहे.